मर्यादा किती धरली?

बॅटरी घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "बजेट किती?" अकोल्याच्या माझ्या धाकट्या भावाने फोनवर विचारलं, "किती व्होल्टची?" बडनेऱ्याला राहणाऱ्या आईचं वय चौऱ्याऐंशी. बॅटरी म्हणजे तिच्या लेखी टॉर्च. लेक साठीनंतर सायकलला मोटर बसवून घेणार आणि ती मोटर बॅटरीवर चालणार, एवढं कानावर आल्यावर तिने विचारलं, "मंग मर्यादा किती धरली वो बाई?"

अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवत होते. व्होल्ट, अँपिअर, वॉट फळ्यावर लिहिण्यात उमर गेली. तरी सांगते, दुकानदार, भाऊ आणि आई यांच्या तीन प्रश्नांत आईचा प्रश्न आधी विचारायला हवा. बाकी दोघांची उत्तरं त्यातूनच निघतात. आणि तो प्रश्न धर्माचा आहे.

आम्ही सैतवाळ, म्हणजे मराठी बोलणारे जैन. कारंजा, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि सातपुड्यातली मुक्तागिरी ही आमची जवळची तीर्थं. घरसंसार करणाऱ्या श्रावकासाठी आमच्याकडे बारा व्रतं सांगितली आहेत: पाच अणुव्रतं, तीन गुणव्रतं, चार शिक्षाव्रतं. अहिंसा, अपरिग्रह ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. गुणव्रतांतल्या दिग्व्रताची मात्र आता फारशी कोणी आठवण काढत नाही. कोणत्या दिशेला आपण कुठवर जाणार, हे आयुष्यभरासाठी ठरवून टाकायचं आणि त्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही, असं ते व्रत. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त ही हद्द कशाने आखावी तेही दिलं आहे: समुद्र, नदी, अरण्य, डोंगर, देश, योजनं. सगळ्यांना ठाऊक असलेल्या आणि आपल्या सोयीने सरकवता न येणाऱ्या खुणा.

आईची हद्द अशीच आहे. उत्तरेला मुक्तागिरी, दक्षिणेला कारंजा, पूर्वेला वर्धा नदी, पश्चिमेला अकोला. अकोला का, तर मुलगा तिथे राहतो. चातुर्मासात ती याहून आखूड हद्द धरते आणि बडनेऱ्याबाहेर पडत नाही.

या व्रतामागचा विचार मला फार पटतो. गृहस्थाला मुनीसारखं राहता येत नाही. चूल पेटते, शेत नांगरलं जातं, दुकान चालतं, जीव मरतात. हे सगळं थांबवणं त्याच्या हातात नाही. पण त्याने जी हद्द आखली, तिच्यापलीकडे त्याच्या पायाने, हाताने, व्यापाराने काहीही घडत नाही. म्हणून हद्दीपलीकडच्या प्रदेशापुरता तो मुनीसारखा महाव्रतीच, असं टीकाकार सांगतात. सगळं सोडणं जमत नसेल तर कुठे थांबणार ते आधी सांग, एवढीच मागणी. भौतिकशास्त्रातही सीमेच्या अटी दिल्याखेरीज समीकरणाला एक नेमकं उत्तर मिळत नाही. बॅटरीचं तसंच आहे. कुठवर जायचं हे ठरलं नसेल तर कोणतीही बॅटरी अपुरीच.

माझी सायकल लोखंडी, लेडीज फ्रेमची, जुनी. गुडघा चढावर कुरकुरतो आणि स्कूटर चालवायची इच्छा उरलेली नाही. घर गाडगेनगरात. तिथून बडनेऱ्याला आईकडे जाऊन यायचं तर २४ किलोमीटर. वाटेत भाजी, औषधं, वाचनालय अशी वाकडी वाट धरली तर २८. माझं नेहमीचं सगळ्यात लांबचं जाणं एवढंच. ते मी वहीत लिहिलं, खाली तारीख घातली आणि मग हिशेबाला बसले.

पायडल मारत, ताशी वीसेक किलोमीटरने गेलं तर सपाट रस्त्यावर अशी सायकल किलोमीटरला साधारण १० वॉट-तास खाते. समोरचा वारा आणि उड्डाणपूल धरून मी १२ धरले. २८ गुणिले १२ म्हणजे ३३६. बॅटरी रोज तळापर्यंत उपसली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून ८० टक्क्यांत काम भागलं पाहिजे. ते झाले ४२०. वर्षं जातील तशी ती झिजणार, त्यापोटी दहाएक टक्के. आकडा ४६० च्या आसपास थांबला. ३६ व्होल्टच्या, २५० वॉटच्या मोटरला लोह-फॉस्फेट सेलच्या (तेच का, ते पुढे सांगते) बारा जोड्या एकापुढे एक लावल्या की ३८.४ व्होल्ट होतात. १२ अँपिअर-तासाचा पॅक घेतला तर ४६०.८ वॉट-तास. वही मिटली.

भावाचं अकोल्यात मोटर-वाइंडिंगचं दुकान आहे. त्याने आकडा ऐकला आणि हसला. "काऊन वो ताई, एवढीशीच घेऊन रायली काय? ४८ व्होल्ट, २० अँपिअरची घे नं. एकदा चार्ज केली का अमरावतीऊन सुटली त थेट माह्या दारात! रस्ता विक्रमी हाय आपला, आन तू बडनेऱ्याऊन वापस?"

विक्रमाची गोष्ट खरी आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरी केली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. भाऊ म्हणत होता ती बॅटरी ९६० वॉट-तासांची. अमरावतीहून अकोला शंभरेक किलोमीटर. पायडलची साथ दिली तर पोचलेही असते.

मोह झाला. हजाराच्या आसपासचा आकडा दिसताच मन आधी कारंजाला गेलं, मग मुक्तागिरीच्या पायथ्याशी. धबधब्याजवळची ती पांढरी मंदिरं, पायऱ्या, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. यात्रेचं नाव घेतलं की लोभालाही सोवळं नेसवता येतं.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात प्रत्येक व्रताचे पाच-पाच अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणाऱ्या गोष्टी, मोजून दिल्या आहेत. दिग्व्रताचे पहिले तीन सरळ आहेत: वरच्या दिशेला, खालच्या दिशेला, आडव्या दिशेला हद्द ओलांडणं. चौथा क्षेत्रवृद्धी, म्हणजे लोभाने आखलेलं क्षेत्रच वाढवणं. पाचवा स्मृत्यंतराधान, हद्द कुठे होती हेच विसरणं. हद्द ओलांडणं आणि हद्द सरकवणं हे दोन वेगळे दोष धरले, यात मला मोठी जाण दिसते. ओलांडणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपण ओलांडली. सरकवणाऱ्याला काहीच टोचत नाही. त्याच्या मते तो अजून हद्दीतच असतो. आजचा बाजार कोणालाही हद्द ओलांडायला लावत नाही. तो हद्द सरकवून देतो, तीही हप्त्यावर.

पण भावाजवळ दुसरा मुद्दा होता आणि तो कच्चा नव्हता. "लायनी बॅटरी दाबून वापरली त लौकर मरते, हे त तुले माहीत हाय. मोठी अर्धीच वापरशीन त दुप्पट वर्षं चालन. मंग कचरा कमी कोणाचा झाला?"

हे बरोबर आहे. सेल जितका कमी खोलवर उपसाल आणि त्याच्याकडून जितका कमी प्रवाह ओढाल, तितकी त्याची आवर्तनं वाढतात. तेव्हा सगळ्यात छोटी बॅटरी घेतली की अपरिग्रह पाळला, असं समीकरण मांडता येत नाही. काटकसर म्हणून बेताची बॅटरी घेऊन ती दोन वर्षांत भंगारात काढणारा माणूस जास्त सेल जाळतो. अध्यात्माच्या नावाखाली असली चिंधीगिरी आपल्याकडे पुष्कळ चालते.

श्रावकाच्या पाचव्या व्रतात परिग्रहाचं परिमाण करायला सांगितलं आहे, म्हणजे माप घालायला. शून्य मुनीसाठी. गृहस्थाला राखीव ठेवायला मनाई नाही; बियाणं राखीव असतं, वर्षाचं धान्य राखीव असतं. प्रश्न एवढाच की राखीव साठ्यातला कोणता भाग मापात येतो आणि कोणता हावेत. माझ्यापुरती मी कसोटी अशी केली: राखीव ठेवण्याचं कारण विकत घेण्याआधी लिहिता आलं पाहिजे. वाऱ्यासाठी किलोमीटरमागे दोन वॉट-तास जास्त, सेलच्या आयुष्यासाठी वीस टक्के, झिजेसाठी दहा. तिन्हींपुढे कारण आहे. भावाने सुचवलेल्या वरच्या पाचशे वॉट-तासांचं कारण मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "असू दे नं. लागन कवा त."

या ‘असू दे’ने आपल्या घरांचे माळे भरलेत. आहेराची भांडी, न शिवलेलं कापड, तुटक्या मिक्सरची मोटर, वायरींचे तुकडे. माळ्यावरचं ओझं निदान माळाच वाहतो. सायकलवरचं आपणच वाहायचं. दुप्पट पॅक म्हणजे आणखी चारेक किलो, दर फेरीला, भाजी आणताना आणि मोकळी परततानाही. पापपुण्याचा हिशेब परलोकात होत असेल, किलोचा इथेच होतो.

आता कोणती बॅटरी, हा प्रश्न. इथे अहिंसा येते, आणि ती दिसते तितकी सोपी नाही.

सगळ्यात स्वस्त शिशाची. १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तासाच्या तीन घेतल्या की ३६ व्होल्ट होतात. वजन अकरा-बारा किलो, आणि टिकवायच्या असतील तर निम्म्याच वापरायच्या. शिसं पुन्हा वितळवून वापरात येतं खरं, पण उघड्यावरच्या भट्टीत वितळवलं की त्याचं विष आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरतं. दुसरी लिथियमची, निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली. हलकी आणि आटोपशीर. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगोतून येतो आणि तिथल्या हातखाणींत मुलं राबतात, हे मानवी हक्क संघटनांच्या अहवालांतून जगाला कळून बरीच वर्षं झाली. तिसरी लिथियमचीच, पण लोह-फॉस्फेटवाली. तीत कोबाल्टही नाही, निकेलही नाही. जॉन गुडइनफ यांनी टेक्सास विद्यापीठात पाढी आणि नंजुंडस्वामी या भारतीय संशोधकांबरोबर १९९७ साली तिचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिथियम बॅटरीसाठी ज्या तिघांना मिळालं, त्यांत गुडइनफ होते. ही बॅटरी तेवढ्याच ऊर्जेला थोडी जड असते, पण दोन हजारांच्या आसपास आवर्तनं काढते. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, तापल्यावर सहजी सुटत नाही, त्यामुळे भडका उडण्याची भीती पुष्कळ कमी.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर विजेवरच्या स्कूटरींना आगी लागल्या आणि त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे एआयएस-१५६ हे नियम डिसेंबर २०२२ पासून कडक केले. स्वतः बांधलेल्या पॅकची अशी चाचणी कोणी घेत नाही, आणि माझा पॅक आम्हीच बांधणार होतो. मी तो जिथे चार्ज करणार त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं लहान बाळ झोपतं. काँगोतल्या मुलाची दया यावी आणि भिंतीपलीकडच्या बाळाची येऊ नये, हे काही खरं नाही. दोन्ही कारणांनी लोह-फॉस्फेट ठरली. भंगार बाजारात जुन्या स्कूटरचे सेल निम्म्याहून कमी भावात मिळतात. ते वापरणं पुण्याचंच, पण ज्या सेलचा पूर्वेतिहास कळत नाही तो घरात बांधू नये, असं भावाचं मत पडलं आणि ते मी मानलं.

एवढं करून हात स्वच्छ झाले का? नाही. आमच्याकडे कर्म तीन तऱ्हांनी लागतं: स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावली. कृत, कारित, अनुमोदित. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे दिले आहेत. त्यांत अंगारकर्म आहे, म्हणजे कोळसा-भट्टीचा धंदा, आणि स्फोटकर्म आहे, म्हणजे भूमी फोडण्याचा. मी कोळसा जाळत नाही, खाण खणत नाही. पण अकोल्याहून शेगावकडे जाताना पारस औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथे अडीचशे-अडीचशे मेगावॉटचे दोन संच कोळशावर चालतात आणि वीज जाळ्यात सोडतात. त्या जाळ्याचं एक टोक माझ्या चार्जरला आहे. माझी बॅटरी एकदा पूर्ण भरायला अर्धं युनिट लागतं. कोळशाच्या केंद्रात त्यासाठी पाव किलोहून जास्त कोळसा जळतो. सायकल धूर सोडत नाही, कारण तिचा धूर पारसला निघतो.

मग पायीच का जाऊ नये? मुनी तसंच करतात. त्यांना वाहन वर्ज्य. त्यांच्यापुढे मी मान खाली घालते. पण माझ्या गुडघ्याला २४ किलोमीटर झेपत नाहीत आणि आईला भेटणंही धर्मच आहे. म्हणून मी करवलेली हिंसा मोजते. अर्धं युनिट, चोवीस सेल, एवढे किलोमीटर. मोजलेली हिंसा माझ्या नावावर राहते. तिचं प्रतिक्रमण, म्हणजे दोषाची कबुली, करता येतं, ती पुढल्या वर्षी कमी करता येते. मोजली नाही तर ती कोणाचीच राहत नाही आणि म्हणूनच वाढत जाते. परिमाण व्रताचा खरा उपयोग इथे आहे. त्याने माणूस निर्दोष होत नाही, जबाबदार होतो.

हे फक्त जैनांपुरतं आहे असं कोणी समजू नये. मी राहते त्या वस्तीला ज्यांचं नाव आहे, त्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःपाशी गाडगं, काठी आणि अंगावरच्या चिंध्या ठेवल्या. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ ते गेले तेव्हाही संपत्ती एवढीच. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच नावाचे विचारवंत आले होते आणि बापूंच्या कुटीवर ते मनापासून बोलले. त्याआधी १९७४ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या ऊर्जा आणि समता या विषयावरच्या निबंधात मांडणी अशी आहे की वाहनाचा वेग ताशी पंधरा मैलांच्या आसपास जाईपर्यंत माणसं एकमेकांना बरोबरीने वागवू शकतात. वेग त्यापलीकडे गेला की काहींचा वेळ वाचतो आणि बाकीच्यांचा खर्ची पडतो. पंधरा मैल म्हणजे २४ किलोमीटर. आपल्या मोटार वाहन नियमांत विजेची मदत असलेल्या सायकलला नोंदणी आणि लायसन्स लागू नये म्हणून घातलेली अट आहे २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा. श्रावकाचार, इलिच आणि परिवहन खातं यांची भेट कधी झालेली नाही, तरी तिघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: हद्द आधी ठरते, वाहन नंतर.

पॅक अकोल्यात भावाच्या दुकानात बांधला. ३२ मिलिमीटर जाड आणि ७० उंच असे सहा अँपिअर-तासाचे २४ सेल. आधी प्रत्येकाचा व्होल्टेज मल्टीमीटरने पाहिला. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा वेगळा आकडा दाखवू लागला तर तो बाजूला. मग प्रत्येकाच्या धन टोकावर कागदी रिंग चिकटवली. या सेलचं सगळं अंग ऋण असतं आणि धन टोपी त्याच्या काठापासून जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर. पट्टी घासून मधलं वेष्टण फाटलं की थेट शॉर्ट. ती कवडीमोलाची रिंग पुष्कळ जण गाळतात. दोन-दोन सेलच्या बारा जोड्या ओळीने लावल्या आणि निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडल्या. सोल्डरने नाही, कारण डाग देताना सेल आतून भाजतो.

बीएमएस म्हणजे पॅकचा राखणदार. जास्त भरलं, जास्त उपसलं, शॉर्ट झालं की तोडतो, आणि सगळ्या जोड्या समान पातळीवर आणतो. त्याच्या बारीक तारा क्रमाने लावाव्या लागतात; एक तार इकडची तिकडे झाली तर तो पहिल्या क्षणीच जळतो. म्हणून सॉकेट खोचण्याआधी भाऊ एकेका तारेवर टोक ठेवत आकडा म्हणत गेला आणि मी वहीत लिहीत गेले: ३.३, ६.६, ९.९… शेवटी ३९.६. बाराही पायऱ्या सारख्या आल्यावर त्याने सॉकेट लावलं. पॅकला रबरी फोमचं अस्तर, बाहेरून पत्र्याचा डबा, धन तारेवर २० अँपिअरचा फ्यूज.

डबा कुठे बसवायचा, यावर वाद झाला. लेडीज फ्रेमला त्रिकोण नसतो. भाऊ म्हणाला कॅरिअरवर ठेव, दहा मिनिटांचं काम. पण चार किलो एवढ्या उंचीवर आणि मागे ठेवले तर वळताना शेपूट डोलतं. चाळीस सेंटिमीटर लांब आणि मुठीएवढा जाड पॅक मुद्दाम तसा बांधलेला होता. तो खालच्या तिरप्या नळीवर, पायडलच्या धुऱ्याच्या जरा वर, दोन क्लॅम्प आणि रबर घालून बसवला. आता चढताना पाय थोडा जास्त उचलावा लागतो, पण ओझं मध्यावर आणि जमिनीलगत राहतं. मोटर पुढच्या चाकात आहे. पुढचा चिमटा लोखंडी असूनही टॉर्क आर्म लावला, नाहीतर मोटरच्या नेटाने धुरा खाचेत फिरतो आणि वायर पिळून तुटते. वायर डब्यात शिरण्याआधी तिला खाली झोल दिला. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत आलं तरी झोलाच्या तळाशी गळून पडतं, आत जात नाही. काळ्या मातीच्या मुलखात मडगार्डमध्ये चिखल अडकून चाकच थांबतं, म्हणून पुढचं मडगार्ड चार बोटं वर घेतलं. मेच्या दुपारी घरी आलं की लगेच चार्जरला लावायचं नाही. आधी सावलीत निवू द्यायची.

राहिला पाचवा अतिचार, विसरण्याचा. लोह-फॉस्फेटची एक खोड आहे. भरलेली असताना आणि पाऊण रिकामी झाल्यावर तिचा व्होल्टेज जवळजवळ सारखाच असतो, आणि मग शेवटी तो एकदम कोसळतो. हँडलवरचे दिवे व्होल्टेज पाहून लागतात, त्यामुळे ते शेवटपर्यंत सगळं भरलेलं दाखवतात. या बॅटरीवर भरवसा ठेवायचा तर दिव्यांकडे न पाहता आपण किती किलोमीटर आलो ते लक्षात ठेवावं लागतं. मला ही खोड आवडते. उपभोगाची बहुतेक साधनं संपण्याची आठवण होऊ देत नाहीत, आणि आठवण ठेवणं हे व्रताचं अर्धं काम आहे. हँडलला किलोमीटर मोजणारं साधं मीटर लावलं आहे. निघताना ते शून्यावर आणते.

बॅटरीचं आयुष्य संपेल तेव्हा ती रस्त्यावरच्या भंगारवाल्याला द्यायची नाही. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा ती नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच गेली पाहिजे. विकत घेताना जसा हिशेब, तसा सोडतानाही.

तुम्ही सायकलला बॅटरी बसवणार असाल, किंवा घर, गाडी, सोलर, काहीही घेणार असाल, तर दुकानात जाण्याआधी घरी वही उघडा. नेहमीची गरज लिहा, खाली तारीख घाला. मग राखीव किती ठेवायचं ते लिहा आणि त्यातल्या प्रत्येक भागापुढे कारण लिहा. ज्याच्यापुढे ‘असू दे’शिवाय काही सुचणार नाही, तेवढं आकड्यातून खोडा आणि उरलेला आकडा घेऊन दुकानात जा.